पोचा कुठे गेला?

मागील स्नेहमेळाव्यात आमच्या तुकडीतील माझा एक मित्र रिकाम्या हाताने आला आणि लवकर निघून गेला. त्याने काहीतरी नवे घडविले आहे, अशी कुणकुण अनेकांना होती. तो ते दाखवीत नाही, याचे काहींना वाईटही वाटले. ती वस्तू न आणण्याचा आग्रह माझा होता. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा खुलासा करणे मी माझे कर्तव्य समजतो.

वसई पूर्वेला वालीव येथे एका गाळ्यात त्याचे छोटे वर्कशॉप आहे. आईचे गुडघे दुखू लागले, जमिनीवर बसून भाजी चिरणे तिला जमेना. म्हणून त्याने ओट्यावर ठेवायची, पाते मिटणारी विळी तयार केली. अशा विळ्या बाजारात आहेत. परंतु हिच्या पाटाचे वळण त्याचे स्वतःचे होते आणि डाव्या कडेला अंगठा टेकविण्यासाठी एक उथळ खोलगा होता. मी आरेखनाचे काम करतो, म्हणून नोंदणीसाठी लागणारी चित्रे त्याने माझ्यावर सोपविली.

बोलण्यात आपण ज्याला ‘डिझाईन पेटंट’ म्हणतो, ती आपल्याकडे ‘डिझाईन्स कायदा, २०००’ अन्वये होणारी नोंदणी असते. तिने वस्तूच्या रूपाला संरक्षण मिळते, तिच्या कार्यपद्धतीला नव्हे. हे संरक्षण प्रथम १० वर्षांचे असते आणि मुदत वाढविल्यास आणखी ५ वर्षे मिळतात. मात्र अर्जापूर्वीच ते रूप लोकांसमोर आले, तर त्याचे नावीन्य संपते. हे सांगितल्यावर मित्र दुखावला. “एका पंगतीत जेवलेल्यांपासून काय लपवायचं?” तो म्हणाला. माझे उत्तर कायद्याचे होते, त्याचा प्रश्न मायेचा होता.

आपल्या कार्यालयात छायाचित्रेही चालतात; परंतु चकचकीत पोलादात दिवे आणि सावल्या उमटतात, म्हणून आम्ही छायाचित्रांवरून रेखाचित्रे करण्याचे ठरविले. पहिल्या खेपेस मी घाई केली. मोबाईल जवळ धरल्याने पुढची कड फुगली, मागची आक्रसली. पात्यात माझाच सदरा दिसू लागला. खोलग्याची जागा मला सावली वाटली आणि उजव्या कडेसारखीच सरळ रेघ मी डावीकडेही ओढली. मित्राने कागदावर अंगठा ठेवला आणि विचारले, “आई बोट कुठे टेकणार?”

मी ओशाळलो. एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीत वस्तुचित्रासाठी वसतिगृहातला पितळी तांब्या ठेवला होता. मी तो दोन्ही बाजूंनी अगदी सारखा काढला. चित्रकलेचे सर म्हणाले, “पोचा कुठे गेला? तांब्या कसा असतो ते तुला माहीत आहे. हा तांब्या कसा आहे, ते बघ.” इतक्या वर्षांनी मी तीच चूक केली होती. चित्रात जे नाही, त्यावर नंतर हक्क सांगता येत नाही. आईसाठी केलेली खूण माझ्या रेघेने पुसली जाणार होती.

पुढच्या रविवारी गाळा बंद असताना आम्ही पुन्हा बसलो. पांढरी चादर पसरली, शटर अर्धे उघडून मंद उजेड घेतला. कॅमेरा तिकाटण्यावर, वस्तूच्या मध्याच्या उंचीवर, दूर ठेवून झूम केला. शेजारी पोलादी पट्टी ठेवली. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून अशी सहा छायाचित्रे, तसेच एक तिरप्या कोनातून घेतले. तळाचे रबरी पायही सोडले नाहीत. खोलग्यासाठी बाजूने उजेड टाकला. मग सातही चित्रांतील प्रत्येक कड एकमेकींशी ताडून पाहिली.

आता अर्ज दाखल झाला आहे. येत्या मेळाव्यात विळी येईल आणि तिची खरी मालकीण, मित्राची आईही येईल. आपल्यापैकी कोणी, आपल्या मुलांपैकी कोणी काही नवे घडवीत असेल, तर एवढेच सांगावेसे वाटते: आधी नीट पाहा, मग अर्ज करा आणि त्यानंतर सर्वांना दाखवा. मित्राविषयी कोणाच्या मनात किंतु राहिला असेल, तर तो माझ्या खाती मांडावा.