केडगावची फळबाग

पुण्याहून दौंडला निघालेली गाडी उरुळी, यवत मागे टाकते, तसा दोन्ही अंगांना ऊस दिसू लागतो. खुटबावनंतर केडगाव. इथे उतरणारे काही जण नारायण महाराजांच्या बेटावर दत्तदर्शनाला जातात. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला आलेल्याने मात्र हा ऊस क्षणभर नजरेआड करावा. त्यांनी जमीन घेतली तेव्हा इथे पाण्यासाठी आधी विहिरी खोदाव्या लागल्या.

मिशनचं मूळ असलेल्या शाळेची सुरुवात मुंबईतली. १८८९ साली शारदा सदन उघडलं ते दोन मुलींवर. त्यांतली एक बालविधवा गोदूबाई. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आलं. खर्चाची हमी बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनची होती, पण दहा वर्षांपुरतीच. त्यात १८९३मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्मांतराचा गवगवा झाला, रानडे-भांडारकरांनी सदनाचं सल्लागारपद सोडलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

हमी संपल्यावर शाळा कशावर चालायची? फळांच्या उत्पन्नावर, असं रमाबाईंनी ठरवलं आणि केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन झाडं लावली. देवावर सगळा भार टाकणारी ही बाई विहीर खोदायला चुकली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. तिच्या श्रद्धेला घामाचं वावडं नव्हतं.

मग १८९६चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण अशाच अन्नान्न दशेत गेले होते. त्यामुळे मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून त्यांना घरी बसवेना. तिथून त्या उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता आणि सदनात माणसं वाढवायला सरकारी मनाई. मुलींना न्यायचं तरी कुठे? केडगावला! शाळेच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या रानात झोपड्या उभ्या राहिल्या, तेच पुढे मुक्ती मिशन झालं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढा मोठा बेत रमाबाईंनी कधी आखला नव्हता. आपण फक्त सांगितलेलं काम करतो, वाढवणारा देव आहे, अशी त्यांची पक्की धारणा होती. आणि केडगावचा हा क्रम पाहिला की ती पटते.

आवारात फिरताना छापखान्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, मुद्रितं तपासणं, छपाई, बांधणी ही कामं आश्रमातल्या मुली-बायकांनी केली. ज्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, त्यांच्यातल्याच कितीतरी जणी शिशाची उलटी अक्षरं बोटांनी उचलून ओळी लावू लागल्या.

मुलगी मनोरमा १९२१मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं. आणि गोदूबाई? १८९३मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं; आनंदीबाई कर्वे होऊन त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत फिरल्या. मिशन आजही केडगावात निराधार बायका-मुलांना आसरा देतं.