भिशीत हललेली मान



विजयाबाई सूर्यवंशी आठवतात ना? डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी त्यांच्या सोमनाथला पकडलं. वकिलीचं शिकत होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीतच तो गेला.

सरकारने 10 लाख देऊ केले. विजयाबाईंनी नाकारले.

आमच्या भिशीत कुणीतरी म्हणालं, "घ्यायचे की! गेलेला थोडाच परत येणार?" खरं सांगते, मीही मान हलवली. बी.कॉम. झालेलं डोकं माझं. नुकसान झालं, भरपाई जमा झाली, खातं बंद!

त्या रात्री माझ्या मुलाचा पुण्याहून फोन तासभर उशिरा आला. तेवढ्यात चार वेळा दाराशी जाऊन आले. तेव्हा कळलं, त्या माउलीला खातं बंदच करायचं नव्हतं. तिला विचारायचं होतं, माझ्या लेकराला कुणी मारलं?

जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 जुलैला तिथेही तोच आदेश कायम राहिला. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला आईला साडेसात महिने झगडावं लागलं, शिक्षा तर दूरच.

हल्ली संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, की भिशीतली ती हललेली मान आठवते.