आठवडाभराचा शिधा

ऑगस्टच्या शेवटी नेवाडा राज्यातल्या रेनो किंवा स्पार्क्समध्ये कुठल्याही मोठ्या दुकानात शिरा, दाराशीच पाण्याच्या बाटल्यांची भिंत उभी असते. तिच्या बाजूला स्वस्तातल्या सायकली, आइसबॉक्स, धुळीचे चष्मे, मास्क, कचऱ्याच्या पिशव्यांचे गठ्ठे. गिऱ्हाइकांपैकी कुणाचे केस जांभळे, कुणाच्या अंगावर झुलीसारखा कोट. पण प्रत्येकाच्या हातात यादी आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न : पुरेल ना?

ही सगळी मंडळी ‘बर्निंग मॅन’ला निघालेली असतात. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी मित्रमंडळींसोबत आठेक फुटांचा लाकडी पुतळा जाळला, तिथून हा उत्सव सुरू झाला. १९९० साली तो ब्लॅक रॉक वाळवंटात आला. आता दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या ‘लेबर डे’च्या आधीच्या आठवड्यात तिथे सत्तर हजारांच्या घरात माणसं राहायला येतात, रस्त्यांची नावं पडतात, चौक होतात, पुतळा जळतो आणि शहर उठतं. हार्वीने २००४ साली या शहराची दहा तत्त्वं लिहून काढली. स्वतःची सोय स्वतः बघा, देत राहा, बाजार मांडू नका, मागे खूण ठेवू नका, ही त्यातली चार. इथे बर्फ सोडला तर काही विकत मिळत नाही. पूर्वी मधल्या मोठ्या मांडवात कॉफी मिळायची, तीही २०२२ पासून बंद झाली.

म्हणजे बाजार नसलेल्या गावाची वाट भर बाजारातून जाते. यावर हसणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं हसणं अगदीच चूक नाही. तिकीटच काहीशे डॉलरचं, त्यावर गाडीभाडं, तंबू, आठवडाभराचं खाणंपिणं. काही श्रीमंत छावण्यांमध्ये तर स्वयंपाकीसुद्धा आणलेले असतात. पण मला त्या खरेदीत ढोंगापेक्षा वेगळंच काही दिसतं. माणूस कशाला भितो ते त्याच्या यादीत वाचता येतं.

पहिली भीती पाण्याची, आणि ती खरी. माणशी रोज दीड गॅलन पाणी न्या असं आयोजक सांगतात. दीड गॅलन म्हणजे साडेपाच लिटरहून थोडं जास्त. चार माणसं आठ दिवस राहणार असतील तर नुसत्या पाण्याचंच वजन १८० किलो भरतं. ब्लॅक रॉकची जमीन हा लाहोंटान नावाच्या प्राचीन सरोवराचा आटलेला तळ आहे. सपाट, पांढरा, झाड नाही की झुडूप नाही. दुपारी पारा अडतीसपर्यंत जातो, रात्री स्वेटर पुरत नाही. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, तो आधीच उडून जातो. धूळ क्षारांची, अनवाणी फिरलं तर पावलं भेगाळतात. म्हणून यादीत व्हिनेगरची बाटली असते, पाण्यात मिसळून पाय धुवायला. आमच्या छावणीतल्या एका काकांनी व्हिनेगरऐवजी आमसुलाचं पाणी सुचवलं होतं. तो प्रयोग अजून कुणी केलेला नाही, पण कोकमाचं आगळ मात्र दरवर्षी बरोबर असतं. मीठ, साखर, आंबट आणि थंड पाणी : शरीराला त्या उन्हात जे हवं ते सगळं एका पेल्यात येतं.

खाण्याची यादी करायला बसलं की घरातली सगळी शहाणपणं उलटीपालटी होतात. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली आमची मराठी मंडळी पहिल्यांदा चिवड्याचं नाव घेतात, कारण प्रवास म्हटला की चिवडा. पण चुरमुरे वाऱ्यावर उडतात. भाजक्या शेंगदाण्यांची फोलपटं उडतात, कढीपत्त्याची पानं उडतात, आणि तिथे उडालेली प्रत्येक गोष्ट कचरा असते. ‘मूप’ म्हणतात त्याला. जागा सोडून पडलेली कुठलीही वस्तू. कचराकुंडी एकही नाही. उत्सव संपला की ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीनखात्याचे लोक जागोजागी मोजणी करतात आणि एकरामागे सरासरी एक चौरस फुटाहून जास्त कचरा त्यांना चालत नाही. म्हणून शेंगदाणे सोललेले, चिवडा बाद, मेतकूट चालेल, भाजणी चालेल, दशम्या फारच छान. संत्र्याची साल घरीच टाकायची. खोकी फाडून फेकायची, पुडे सोडून सगळं झिपलॉक पिशव्यांत भरायचं.

मग सांडपाणी. भांडी धुतलेलं पाणीही जमिनीवर ओतायचं नाही, साठवून परत न्यायचं. हे ऐकल्यावर तांदूळ धुण्यासारखी साधी गोष्ट भारी पडू लागते. वरणभात घरूनच शिजवून, गोठवून नेला की दोन दिवस तो बर्फाचं काम करतो आणि तिसऱ्या दिवशी जेवणाचं. एरवी आपण वस्तू घेताना किंमत बघतो, फार तर तारीख बघतो. इथे तिचं उरलेलं आयुष्यही बघावं लागतं : ती खाल्ल्यावर मागे काय राहील, ते कुठे ठेवायचं, कोण वाहून नेणार. दुकानात उभं राहून असा विचार करायची सवय आपल्याला नसते. एकदा लागली की फळीवरच्या निम्म्या वस्तू आपोआप नकोशा होतात. निम्म्या भीतीपोटी तरीही घेतल्या जातात, ती गोष्ट वेगळी.

रत्नागिरीला आईला फोनवर यादी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “अगं, ही तर आगोटीची बेगमी.” पावसाआधी कोकणातल्या घरात तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, आमसुलं, पापड आणि लाकूडफाटा भरून ठेवतात, कारण एकदा पाऊस लागला की बाजार दूर जातो. पुढे तिने विचारलं, “पण तुमच्याकडे तिथे पाऊस कुठला?” तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. ते पुढे २०२३ साली मिळालं.

ब्लॅक रॉकच्या वाटेने ‘पुरेल ना?’ म्हणत जाणारे आम्ही काही पहिले नव्हे. सॅक्रामेंटोहून रेनोकडे जाणारा महामार्ग सिएरा नेवाडाच्या डॉनर खिंडीतून जातो. १८४५ साली लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज या गृहस्थाने कॅलिफोर्नियाला निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात माणशी शिधा दिला आहे : पीठ २०० पौंड, बेकन १५० पौंड, कॉफी १०, साखर २०, मीठ १० पौंड. व्यवस्थित, मोजूनमापून केलेली यादी. याच पुस्तकात त्याने एक जवळची वाटही सुचवली होती, आणि लिहिताना तो स्वतः त्या वाटेने गेलेला नव्हता. १८४६ साली डॉनर आणि रीड कुटुंबांचा काफिला त्या वाटेने गेला. तिथे आठवडेच्या आठवडे वाया गेले आणि खिंडीशी पोहोचेपर्यंत बर्फ पडला. अन्न संपलं, बैल संपले, आणि शेवटी काहींनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन दिवस काढले. तीन वर्षांनी सोन्यामागे निघालेले हजारो लोक ब्लॅक रॉक वाळवंट तुडवत गेले. आज आइसबॉक्स घट्ट बांधून ती खिंड ओलांडताना मला नेहमी वाटतं, शिधा मोजता येतो, वाट मोजता येत नाही. यादीतली खोट बहुधा वाटेवरच कळते.

रेनो मागे पडलं की वॉड्सवर्थपाशी महामार्ग सोडायचा आणि ४४७ क्रमांकाचा अरुंद रस्ता धरायचा. तो पिरॅमिड लेकच्या पायूट लोकांच्या प्रदेशातून जातो. रस्त्याकडेला त्यांचे स्टॉल असतात, तळलेल्या गरम पावावर घातलेली उसळ आणि मांस मिळतं. पुढे एम्पायर हे गाव. जिप्समच्या कारखान्याभोवती वसलेलं, कारखाना २०११ मध्ये बंद पडल्यावर रिकामं झालेलं. मग गर्लाक. तिथून पुढे दुकान नाही. आमच्या गाडीत इथवर सगळे बडबड करत असतात, इथे प्रत्येक जण मनातल्या मनात यादी पुन्हा वाचतो.

मी बारकाईने पाहिलं आहे : प्रत्येकाच्या सामानात एखादी गोष्ट गरजेच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि ती त्याच्या भीतीची असते. एका मैत्रिणीकडे बॅटऱ्या. काकांकडे औषधं, अगदी बामच्या डब्यांसकट. माझ्याकडे डाळ आणि लोणचं, कारण उपाशी राहण्याची भीती मला घरातूनच मिळालेली आहे.

२०२३ साली सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी पाऊस आला. अर्ध्या इंचाहून थोडा जास्त, कोकणात याला कुणी पाऊसही म्हणणार नाही. पण त्या धुळीचा असा चिखल झाला की बुटांना पोळ्या चिकटाव्यात, सायकली जागच्या जागी रुतल्या, शौचालयं उपसणारे ट्रक अडले. फाटकं बंद झाली. अन्न, पाणी, इंधन जपून वापरा असा निरोप आला. सोमवारपर्यंत हजारो माणसं तिथेच अडकली. बाहेरच्या जगात बातम्या भयंकर होत्या. आत आमच्या गल्लीत जो तो आपल्या साठ्यातलं जास्तीचं काढून बाहेर मांडत होता. बॅटऱ्या एकीकडून दुसरीकडे गेल्या. बामचे डबे संपले. माझ्या डाळीचं मोठं पातेलं चढलं आणि कुठल्या कुठल्या देशांची माणसं लिंबाच्या लोणच्याबरोबर खिचडी खाऊन गेली. ज्याने जे भिऊन आणलं होतं ते दुसऱ्या कुणालातरी नेमकं हवं होतं.

आता याला माणुसकीचा विजय म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मला करोनाच्या साथीतला मार्च २०२० आठवतो. तेव्हाही आम्ही सगळे भ्यालो होतो, तेव्हाही गाड्या भरभरून सामान आणलं होतं, आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. तीच माणसं, तीच भीती. एकाने टॉयलेट पेपरचे चार गठ्ठे जास्त उचलले की दुसऱ्याला चार कमी मिळायचे, आणि उचललेले गठ्ठे बंद दारांमागे जायचे. वाळवंटात ती फळी शंभर मैल मागे राहिलेली असते. घेण्याजोगं काही उरलेलं नसतं, फक्त आणलेलं असतं. तंबूला कुलूप नसतं, विकायची सोय नसते आणि जे उरेल ते स्वतःच्या पाठीवर परत न्यायचं असतं. औदार्याला एवढी अनुकूल परिस्थिती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. म्हणून तिथे मिळालेल्या दानाबद्दल मी कृतज्ञ असते, पण त्यावरून माणसाच्या स्वभावाबद्दल फार मोठा निष्कर्ष काढत नाही. तो निष्कर्ष परतीच्या वाटेवर टिकतही नाही : रेनोतल्या परक्या कचराकुंड्यांत धुळीने माखलेल्या पिशव्या गुपचूप टाकणारेही याच शहरातून आलेले असतात.

तरी एक गोष्ट मला त्या खरेदीने शिकवली. माझ्या यादीला आता दोन रकाने आहेत, लागेल ते आणि देईन ते. दुसऱ्यात मी दरवर्षी विचार करून काहीबाही लिहिते : तिळाच्या वड्या, आगळाची जास्तीची बाटली. पण खरोखर उपयोगी पडणारं जे माझ्या हातून दिलं जातं, ते जवळजवळ नेहमी पहिल्या रकान्यातलं असतं. स्वतःसाठी घाबरून घेतलेलं. समंजस माणसं सांगतात की अनुभवाने भीती कमी व्हायला हवी, यादी आटोपशीर व्हायला हवी. माझी होत नाही. मोजून स्वतःपुरतंच नेलं तर उद्या शेजारच्या तंबूतून कुणी रिकामं भांडं घेऊन आलं की त्यात काय घालायचं? तेव्हा डाळीची एक पिशवी जास्तच राहू दे.