पात्याचें पाणी

पोलादाला पाणी 'देतात' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलों; परंतु तें देणें म्हणजे नेमकें काय, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें. पाणीदार माणूस, पाणी जोखणें, पाणी उतरणें हे शब्द आपण लोहाराच्या आणि रत्नपारख्याच्या दुकानांतून उचलून आणले आणि मूळ मालकांना विसरलों. मला त्यांची आठवण झाली ती एका लहानशा चाकूमुळें.

काटोलजवळ आमची संत्र्यांची बाग आहे, आणि वडील अद्याप स्वतःच्या हातानें कलमें बांधतात. हिवाळ्यांत जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरावयाचा असतो. खुंटाच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद द्यावयाचा, साल अलगद उचलावयाची, आणि ढालीच्या आकाराचा डोळा तिच्या आंत सरकवून वर पट्टी बांधावयाची. पातें बोथट असेल तर साल कापली न जातां चेंगरते, आणि चेंगरलेली साल डोळ्याशीं जुळत नाहीं. वडिलांचा जुना चाकू घांसून घांसून दाभणाएवढा झाला होता. बाजारांत मिळणारे मिटते चाकू संधिवातानें वांकलेल्या त्यांच्या बोटांना उघडत नव्हते. "आतां पुरे झालें," असें ते एकदां सहज म्हणाले. तें सहज म्हणणें मला सहन झालें नाहीं.

नागपुरास परत आल्यावर मी रस्त्याच्या कडेस भट्टी मांडून बसणाऱ्या एका वृद्ध लोहारास गांठलें. लोखंड कोणतें घ्यावें, असें मीं विचारलें. त्यानें उत्तर न देतां उलट मलाच विचारलें, "कापाचं काय हाये, भाऊ?" आजवर मला अनेकांनीं अनेक विषयांवर सल्ला दिला आहे, त्यांपैकीं बहुतेकांनीं हा प्रश्न विचारण्याची तसदी घेतली नव्हती. मीं डोळा भरण्याचें सांगतांच त्यानें ट्रकच्या कमानीचा तुकडा, जो मी मोठ्या ऐटीनें बरोबर नेला होता, बाजूस सारला. तें पोलाद विळ्याला, कोयत्याला. कलमाला जुनी कानस आण, म्हणाला. कानशींत कर्बाचें प्रमाण अधिक, म्हणून बारीक धार तिच्यावर टिकते, हें शास्त्र मला नंतर समजलें. त्यानें तें दगडावर दाखविलें: फिरत्या सहाणेवर साध्या लोखंडाच्या ठिणग्या सरळ लांब गेल्या, कानशीच्या मात्र जागच्या जागीं चांदण्यांसारख्या फुटल्या.

पुढचा सल्ला क्रमानें आला. कानस लाल करून रात्रभर राखेंत पुरावी, म्हणजे ती मऊ पडते. मग दुसऱ्या कानशीनें तिला आकार द्यावा; घाई करूं नये. पुन्हा तापवून तेलांत बुडवावी. पातळ पात्याला पाण्याचा थंडावा सोसत नाहीं, तें तडकतें. सबब 'पाणी' द्यावयाचें तें तेलाचें! पण किती तापवावी? "पळस फुलू देऊ नोका," एवढेंच तो म्हणाला. पळसफुलाचा केशरी रंग चढण्यापूर्वींच, लाली भरतांच, पातें काढावयाचें. अधिक तापलें कीं पोलादाचा कण मोठा होतो आणि धार चुन्यासारखी झडते. अभियांत्रिकी शिकविणाऱ्या माझ्या एका मित्रानें सांगितलें कीं, सुमारें ७७० अंशांवर लोखंडाला लोहचुंबक धरीत नाहीं. तें सुटलें कीं थोडें पुढें जाऊन थांबावें. दोघांचा निवाडा एकच निघाला. लोहाराजवळ चुंबक नव्हता. त्यानें भट्टीवर तट्ट्याची सावली मात्र केली होती, कारण भर उन्हांत रंग खोटा दिसतो.

हें ज्ञान या भूमींत किती जुनें आहे! पारशिवनी तालुक्यांत, पेंच नदीकांठीं नैकुंड येथें १९७८ ते १९८० या काळांत झालेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. ती सुमारें २,७०० वर्षांपूर्वींची मानतात. नागपूरच्या वेशीवर जुनापाणी येथें जीं शिळावर्तुळें आहेत, त्यांखालीं मृतांसोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर पुरलेले निघाले. तेथें मातीच्या नळीनें भट्टींत वारा शिरे. आमच्या लोहाराकडे भात्याच्या जागीं विजेचा पंखा घुमतो. त्याचा मुलगा मोटारी चालवितो. पळसाचा रंग त्याला शिकविला काय, असें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

तिसरा सल्ला वडिलांचा. धार एकाच बाजूस हवी, म्हणजे दुसरी सपाट बाजू काडीला टेंकून डोळा पातळ निघतो; मूठ बाभळीची आणि मुठीचें शेवटचें टोंक चपटें, साल उचलण्यापुरतें. त्यांनीं तें कागदावर काढलें नाहीं. माझा आंगठा आपल्या हातांत धरून, जोर कोठें पडतो तें दाखविलें.

शेवटीं पातें घांसून लखलखीत केलें, मंद आंचेवर धरलें, आणि गव्हाच्या काडाचा पिवळा रंग त्यावर पसरतांच लोहार म्हणाला, "बस." निळा रंग येईपर्यंत थांबलें तर धार मऊ पडते. त्यानें मजुरी घेतली ती कोळशापुरती.

पौषांत वडिलांनीं त्या चाकूनें बारा डोळे भरले. त्यांचा हात थोडा कांपत होता. पातें खुंटाला टेंकलें कीं स्थिर होई. तीन आठवड्यांनीं पट्ट्या सोडल्या, तेव्हां नऊ डोळे हिरवे होते. वडिलांनीं वाळलेले तीन नखानें काढून टाकले आणि त्याच खुंटांवर, जुन्या छेदाच्या पलीकडच्या बाजूस, पुन्हा सुरुवात केली.