चिखलाच्या वीतभर वर

सायकलच्या दुकानात हल्ली पहिला प्रश्न गिअरचा नसतो, डिस्कचा असतो. ‘डिस्कवाली आहे ना?’ असं शाळकरी पोरगं विचारतं, बाप मान डोलावतो आणि दुकानदार चाक उचलून फिरवून दाखवतो. त्या फिरण्यात गंमत आहे खरी. स्पोकांच्या मधोमध पोलादाची पातळ चकती, तिला जाळीसारखी भोकं. चाक वेगात आलं की भोकं नाहीशी होतात आणि उरतो नुसता एक राखाडी, चकाकता पट्टा. नजर तिथेच खिळते आणि निवडही बहुतेक वेळा नजरच करून टाकते. घेर मोठा, भोकं जास्त, काठ पाकळीसारखा कातरलेला, म्हणजे डिस्क भारी! मला हे पटत नाही. जालना जिल्ह्यात माउंटन बाइकची डिस्क निवडायची तर डोंगर बाजूला ठेवावा आणि माती डोळ्यांसमोर आणावी. इथे डिस्क तापून मरत नाही. ती वाकून मरते, नाहीतर झिजून.

तापण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण महागड्या डिस्कची सगळी जाहिरात त्याच्यावर उभी असते. माउंटन बाइक जन्मली तीच उताराच्या तापात. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायचे. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर 1976 मध्ये त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. तीनेक किलोमीटरांत जवळपास 400 मीटर खाली. मागच्या हबमधला ब्रेक असा तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. उघड्या हवेत फिरणारी डिस्क ज्या दुखण्यावरचा उपाय म्हणून मिरवते, ते दुखणं हे असं आहे. आता जालन्याकडे पाहा. उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या अंगाला अजिंठ्याच्या रांगेचे सुटे डोंगर, दक्षिणेला गोदावरीचा सखल काठ आणि मधे लाटेसारखी हलके चढणारी-उतरणारी जमीन. अंबडची मत्स्योदरी टेकडीवर आहे, राजूरचा गणपतीही टेकडीवर आहे. पण दोन्हीकडून खाली यायला ब्रेकला घाम फुटावा एवढी उंची नाही. इथला उतार एखादा ओढा, त्यावरचा फरशी पूल आणि समोरचा चढ एवढ्यातच संपतो.

हिशोब करून पाहायला हरकत नाही. स्वार आणि सायकल मिळून 100 किलो धरू. 300 मीटरांचा घाट उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात 30 अंशांवरचं एक लिटर पाणी उकळीला येतं. त्यातली काही वाऱ्याला आणि टायरच्या घर्षणाला जाते. उरलेली बहुतेक सगळी दोन डिस्कांनी पचवायची. आणि दोन्हींचं वजन मिळून पाव किलोच्या आसपास! हवेनं ती उष्णता वाटेतच काढून नेली नाही तर पोलाद लाल व्हायला वेळ लागणार नाही. म्हणजे घाटात मोठी डिस्क, जाड डिस्क, पोटात ॲल्युमिनियमचा थर घातलेली डिस्क, या सगळ्याला अर्थ आहे. पण सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरच्या वेगातून सायकल पूर्ण थांबवली तर पुढची डिस्क जेमतेम पंचवीस-तीस अंशांनी तापते आणि पुढचं कुत्रं आडवं येईपर्यंत निवतेही. यावर कुणी म्हणेल, मराठवाड्याच्या मे महिन्याचं काय? पारा चाळिशी ओलांडतो, सीटला हात लावता येत नाही, मग डिस्कचं काय होत असेल? होत काहीच नाही. हवा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापलेली असेल तर डिस्कही साधारण तेवढीच जास्त तापते. घाटात जी चकती दोनशे अंशांच्या पलीकडे जाऊ शकते, तिला या पंधरा-वीस अंशांचं अप्रूप नाही. उन्हाळा स्वाराला भारी पडतो, डिस्कला नाही.

मग एवढं असेल तर डिस्क हवीच कशाला? रिमवर रबर दाबणारा साधा ब्रेक स्वस्त, पंक्चरवालाही दोन मिनिटांत लावून देतो. हा आक्षेप मला मोठ्या डिस्कच्या हट्टापेक्षा जास्त वजनदार वाटतो आणि जालन्यात नऊ महिने तो खराही आहे. उरलेल्या तीन महिन्यांत तो चिखलात रुततो. काळ्या रानात पहिला जोराचा पाऊस पडून गेला की पाणंद रस्त्यावर सायकल घालून पाहा. ही माती भिजली की चाकाला नुसती लागत नाही, चाकाबरोबर वर चढते. एकेका फेऱ्याला एकेक थर बसतो, मग थरात गवताची काडी, काडीवर परत माती. रिम आणि ब्रेकच्या रबरामधली फट भरून निघते, चाक फिरायचं थांबतं आणि पोरं खाली उतरून बाभळीच्या काटकीनं फोर्कमधला गाळ उकरत बसतात. त्या वेळी डिस्क मात्र बऱ्यापैकी कोरडी असते. 26 इंची चाकावर 160 मिलिमीटरच्या डिस्कची खालची कड जमिनीपासून वीतभराहून थोडी जास्तच उंच राहते. चिखल फोर्कमध्ये अडकून चाक धरू शकतो, ते डिस्कनं सुटत नाही. पण चाक फिरतंय तोवर ब्रेक लागतो. डिस्कची खरी कमाई ही आहे.

आणि इथेच मोठ्या डिस्कच्या शौकिनांना एक गोष्ट सांगायला हवी. ‘घेर मोठा तेवढा ब्रेक चांगला’ हे तत्त्व शेवटपर्यंत ताणलं, तर सायकलवरची सगळ्यात मोठी डिस्क म्हणजे रिमच. 26 इंची चाकाची रिम टायर बसतो तिथे 559 मिलिमीटर व्यासाची असते. एवढी मोठी चकती हाताशी असताना सायकलवाल्यांनी ती सोडली आणि हबाजवळची लहान चकती पत्करली, ती कशासाठी? घाण जमिनीजवळ असते म्हणून. लहानपणा हा डिस्कचा दोष नाही. तिचं ठिकाण हाच तिचा गुण. व्यास वाढवत नेला की तीच चकती पुन्हा खाली, चिखलाकडे सरकू लागते.

तरीही ‘मोठी म्हणजे जास्त सुरक्षित’ हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. 160 ऐवजी 180 घेतली तर तेवढ्याच बोटाच्या जोरात ब्रेकची पकड साडेबारा टक्क्यांनी वाढते, 203 घेतली तर 27 टक्क्यांनी. मनगट दुखणाऱ्याला, वजनदार माणसाला हा फरक जाणवतो. पण सायकल शेवटी थांबवतो टायर. कोरड्या सिमेंट रस्त्यावर टायर धरून राहतो. मुरमाच्या रस्त्यावर, सुट्या खडीवर, ओल्या काळ्या मातीवर तो ब्रेकच्या आधीच हार मानतो. तिथे डिस्कचा वाढीव जोर फक्त चाक लवकर घसरवतो, आणि घसरलेलं पुढचं चाक सावरणं सराईतालाही जड जातं. दुसरं असं, की आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या सायकलींचं पुढचं चाक अजूनही बऱ्याचदा क्विक रिलीजच्या दांडीनं आवळलेलं असतं. डिस्कचा ब्रेक जोरात लागला की पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या बाजूनं चाकाला फोर्कच्या खाचेतून खाली ढकलणारा रेटा तयार होतो. दांडी ढिली असेल तर ते निसटू शकतं. फोर्क बनवणाऱ्यानं जास्तीत जास्त किती मिलिमीटरची डिस्क चालेल ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. दुकानात ते पान कुणी उघडत नाही. पाच आकडीही किंमत नसलेल्या सायकलवर घाटातल्या शर्यतीची डिस्क चढवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यातून मसाल्यानं कोंबडीच नासायची.

वाकण्याचं तर विचारूच नका. शाळेच्या सायकल स्टँडवर सायकली एकमेकींत घुसवून लावलेल्या असतात. एकीचं पेडल दुसरीच्या डिस्कमध्ये. बाजारच्या दिवशी टेम्पोत आडव्या टाकलेल्या सायकलींवर मोसंबीचे क्रेट चढतात. डिस्क असते 1.8 मिलिमीटर जाडीची, म्हणजे दोन मिलिमीटरसुद्धा नाही. आणि पॅड आणि डिस्क यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. केसभर वाक आला तरी प्रत्येक फेऱ्याला ‘सर्र... सर्र...’ ऐकू येतं. जाडी तीच ठेवून व्यास वाढवला की कडेला बसलेला धक्का जास्त वाक आणतो, हे कुठल्याही लेथवाल्याला सांगावं लागत नाही. थोडी वाकलेली डिस्क स्वच्छ पान्यानं हळूहळू सरळ करता येते, पण तिला पहिला सरळपणा पुरता परत येत नाही.

मग निवडायचं काय बघून? पोलाद बघून. आणि पोलादाची गोष्ट जालन्याला बाहेरच्यानं सांगावी अशी स्थिती नाही. भंगार वितळवून बिलेट, बिलेट लाटून सळई, हा इथल्या एमआयडीसीचा रोजचा धंदा. टीएमटी सळई लाल असतानाच तिच्यावर जोराचं पाणी मारतात. बाहेरचा थर झटक्यात थंड होऊन कडक होतो, गाभा हळू निवून लवचीक राहतो. त्या कडक थराला मार्टेन्साइट म्हणतात. ब्रेकची डिस्क ज्या पोलादाची असते त्यालाही मार्टेन्सिटिक स्टेनलेस स्टील म्हणतात: साधारण 12 ते 14 टक्के क्रोमियम, आणि कडक करता येईल एवढा कार्बन. सळईत जो कडकपणा सालीपुरता असतो, तो डिस्कमध्ये आरपार हवा असतो, कारण तिची सालच रोज घासली जाते. पोलादाच्या या जातीमुळेच स्वयंपाकघरातल्या स्टीलला सहसा न चिकटणारं लोहचुंबक डिस्कला घट्ट चिकटतं. चुंबक चिकटलं म्हणजे डिस्क उत्तम, असं मात्र नाही. पोलाद कितपत कडक केलंय ते चुंबक सांगत नाही. स्वस्त डिस्कांवर कधी कधी इंग्रजीत ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची अक्षरं कोरलेली असतात. त्यांचं पोलाद मऊ असतं आणि धातूचे पॅड लावले तर ते डिस्कच खातात. जालन्यासाठी हा मुद्दा घेरापेक्षा मोठा आहे. मुरमाची आणि खडीची धूळ म्हणजे बेसॉल्टचा कीस. पावसात तो कीस पाण्यात कालवून पॅडवर बसला की पॉलिश पेपरचं काम करतो. ओल्या कचकचीत रेझिनचे मऊ पॅड पाहता पाहता संपतात. धातूचे पॅड जास्त टिकतात, थोडा आवाज करतात. म्हणून पॅड धातूचे आणि डिस्क त्यांना पुरून उरेल अशी कडक, ही जोडी इथे शोभते. कुठलीही जोडी नवी असताना मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीसदा वेग घेऊन, चाक न अडवता हळूहळू कमी करावा, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. त्यासाठी आपले सपाट रस्ते घाटापेक्षा सोयीचे!

झिजेचा हिशोब डोळ्यांनी होत नाही. वापरलेल्या डिस्कवर बाहेरच्या कडेकडून आत नख ओढलं की एका जागी ते पायरीवरून उतरल्यासारखं खाली जातं. पॅड जिथपर्यंत पोचतो तिथून ती पायरी सुरू होते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकवले तर जाडी जास्त दिसते. टोकं पायरीच्या आत, घासलेल्या पट्ट्यावर टेकवायची. कितीतरी डिस्कांवर किमान जाडी कोरलेलीच असते, बहुधा 1.5 मिलिमीटर. म्हणजे आयुष्यभरात डिस्कनं झिजायचं ते 0.3 मिलिमीटर. हे मोजायला सायकलतज्ज्ञ नको; ज्या शहरात गल्लीगल्लीत वर्कशॉप आहे तिथे मायक्रोमीटर उसना मिळायला अडचण नसावी. मोजणाऱ्याचा हात तेवढा तेलकट नको. डिस्कला तेलाचं बोट लागलं की पॅड ते पितो आणि मग ब्रेक नुसता किंचाळतो. साखळीवर तेलाचा फवारा मारताना शेजारची मागची डिस्क झाकायची, एवढी साधी काळजी घेतली तरी अर्ध्या तक्रारी संपतील.

राहता राहिला तो माणूस जो सुट्टीच्या दिवशी कन्नडच्या घाटात जातो, किंवा ज्याच्या कॅरियरवर कायम दुसरा माणूस नाहीतर दुधाचे कॅन असतात. त्याला माझा युक्तिवाद लागू नाही, किंवा अर्धाच लागू आहे. त्यानं पुढे मागे दोन्हीकडे 180 घ्यावी, फोर्क परवानगी देत असेल तर पुढे 203 सुद्धा, आणि सायकल आडवी टाकू नये. बाकी जिल्ह्याला माझ्या मते पुढे 180, मागे 160 पुरेशी आहे. 160 वरून 180 करताना कॅलिपरसाठी वेगळा अडॉप्टर लागतो, तो आठवणीनं मागून घ्या. डिस्क सहा बोल्टची आहे की सेंटरलॉक, ते हब पाहून ठरतं, आवडीवरून नाही. ॲल्युमिनियमचा थर, रंगीत मधला भाग, पाकळ्या यांचे पैसे वाचवून धातूच्या पॅडचा एक जादा जोड घेऊन ठेवा, श्रावणात लागेल. आणि दुकानात चाक फिरवून दाखवतील तेव्हा चकाकीकडे बघू नका. कॅलिपरच्या फटीला डोळा लावा, डिस्क डावी-उजवीकडे डुलते का ते पाहा, तिच्यावर कोरलेली अक्षरं वाचा आणि मगच पैसे काढा.