पाठीमागची बाजू

इस्त्री आता माझी विद्यार्थिनी धरते. माझं मनगट दगा देतं. चित्राच्या पाठीला लावलेल्या मेण-राळेच्या अस्तराला उष्णता जरा जास्त लागली की जाड रंगाचे उंचवटे चपटे होतात आणि पुन्हा उठत नाहीत. पण तिला इस्त्रीच नको आहे. "सर, पाठ झाकू नका," म्हणते.

मुळशीत राहून हे म्हणणं सोपं नाही. आषाढात धरणावरची ओल खोलीत ठाण मांडते, कॅनव्हास सैलावतो, रंगाचे पोपडे उचलतात. ओलीवरचा मेण-राळेचा हा उपाय मूळ डचांचा. हॉपमन नावाच्या कारागिरानं १८५१मध्ये रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'ला असंच अस्तर लावलं होतं. पण अस्तराखाली चित्राची पाठ गडप होते. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, खडूनं लिहिलेला लॉट नंबर, जुन्या मालकाचा शिक्का, सगळं तिथेच असतं.

२६ मार्च २०१९ला मुंबईत आयकर खात्यासाठी सॅफ्रनआर्ट या लिलाव संस्थेनं हिरे व्यापारी नीरव मोदींच्या संग्रहातली ६८ चित्रं लिलावात काढली. गायतोंडेंचं चित्र २५ कोटींवर गेलं, राजा रविवर्मांचं १८८१चं चित्र १६ कोटींवर. पेपरांनी आकडे छापले. मला पाठींची काळजी. ही चित्रं एकाच मालकाकडे होती, हे उद्या कॅटलॉग हरवल्यावर कोण सांगणार? ॲमस्टरडॅमच्या ब्रामकांप या व्यापाऱ्याचा संग्रह १७७१मध्ये असाच फुटला. त्यातली रशियाच्या कॅथरीननं घेतलेली चित्रं त्याच वर्षी फिनलंडजवळ जहाजासकट बुडाली. त्याच संग्रहातलं रेम्ब्राँचं गॅलिलीच्या वादळाचं चित्र त्या जहाजावर नव्हतं म्हणून वाचलं, पण ते १९९०मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयातून चोरीला गेलं. आमचं धरण ज्या टाटांचं, त्याच घराण्यातल्या सर रतन आणि सर दोराब या भावांचे संग्रह मात्र मुंबईच्या म्युझियमला मिळाले, म्हणून शाबूत राहिले.

हल्ली लिलावाआधी चित्र चकचकीत करून देणारे बोकाळलेत. पुढून वार्निशची झिलई, मागून कोरं करकरीत कापड. गिऱ्हाईक खूश. त्यांना नावं ठेवायला मला आवडतं, पण माझ्याही अस्तराच्या कोपऱ्यात माझी सही असते. विचारलं तर नोंद म्हणून करतो असं सांगतो. खरं म्हणजे, मोठ्या चित्रकाराच्या पाठीला आपलं नाव चिकटावं, ही हाव.

माझी विद्यार्थिनी नुसत्या कडांना पट्ट्या जोडते, मागे पारदर्शक पत्रा बसवते. जुने आकडे वाचता येतात, ओलही बरीच अडते. सही कुठेच नाही. काम माझ्यापेक्षा नीट आहे. ते कुणी केलं हे कुणाला कळणार नाही, याचं तिला काहीच वाटत नाही आणि मला मात्र ते सारखं खुपतं.