बुडालेल्या शेतांवरचा गळ

आपल्याकडे श्रावण-भाद्रपद म्हणजे ओढे-नाले भरून वाहण्याचे दिवस. अमेरिकेच्या आलाबामा राज्यात मात्र ऑगस्ट-सप्टेंबर हा सरता उन्हाळा. हवा दमट, ऊन अंगाची लाही करणारे आणि तळ्याचे पाणी हात घातला तर चक्क कोमट लागते. तुमचा मुलगा किंवा लेक-जावई तिकडे हन्ट्सव्हिलला नोकरीला असतील आणि या दिवसांत तुमचे जाणे झाले, तर एक दिवस गंटर्सव्हिलच्या तळ्यासाठी राखून ठेवा. मोटारीने तासाभराचा रस्ता. दुकाने आणि उंच इमारती पाहून कंटाळलेल्या शेतकरी माणसाला तिथे आपले काहीतरी सापडेल.

हे तळे म्हणजे टेनेसी नदीवरचे धरण. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने १९३५ मध्ये काम सुरू केले आणि १९३९ मध्ये पुरे केले. पाण्याचा पसारा सुमारे ६९ हजार एकर, लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वीज आली, पूर आटोक्यात आला, मलेरियाचे डास मारण्यासाठी पाण्याची पातळी मुद्दाम थोडी वर-खाली करण्याची युक्तीही निघाली. पण त्यासाठी अकराशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. शेते, रस्ते, ओढ्यांचे काठ पाण्याखाली गेले. कबरस्ताने उचलून दुसरीकडे न्यावी लागली.

हे दुःख उजनीच्या किंवा कोयनेच्या लोकांना समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, माणसे जाऊन हात जोडून येतात. गंटर्सव्हिलची पातळी वर्षभर जवळजवळ सारखी ठेवतात, दोन-चार फुटांचाही फरक पडत नाही. तिथली बुडालेली शेते डोळ्यांना दिसत नाहीत. ती कळतात फक्त गळाच्या दोरीला. आणि तिथला सगळ्यांचा आवडता मासा, बास, नेमका त्या जुन्या बांधांवर आणि रस्त्यांच्या कडांवर राहतो.

बासचा मोठ्या तोंडाचा प्रकार ओळखायला सोपा. पाठ हिरवट, अंगावर एक काळपट पट्टा आणि जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला. आपल्या मरळीसारखाच हा दबा धरून बसणारा शिकारी. मरळीला आपण जिवंत बेडूक लावतो. तिकडे लाकडाची, रबराची, प्लॅस्टिकची खोटी आमिषे वापरतात. त्यांची दुकाने पाहिलीत तर चक्रावून जाल. भिंतीच्या भिंती रंगीबेरंगी माशांनी, किड्यांनी, बेडकांनी भरलेल्या. विकत घेण्याआधी एवढेच ध्यानात ठेवा, की आमिष माणसाला आवडून उपयोग नाही. मासा आज कुठे आहे आणि काय खातो आहे, हे पाहून ते निवडायचे.

सरत्या उन्हाळ्यात तो तीन ठिकाणी असतो. तीन ठिकाणांना तीन आमिषे पुरतात.

पहिले ठिकाण, काठालगतचे गवत. हायड्रिला नावाचे पाणगवत १९५० च्या दशकात शोभेच्या काचपेट्यांसाठी फ्लोरिडात आणले गेले आणि पुढे दक्षिणेकडच्या राज्यांतल्या तळ्यांत माजले. ते मूळचे आपल्याच बाजूचे. आपल्या तळ्यांतही लांब हिरव्या वेण्यांसारखे वाढते. ऑगस्टपर्यंत त्याची पाण्यावर जाड गादी होते. वर ऊन, खाली सावली. उन्हाने तापलेला बास त्या सावलीत जाऊन बसतो. इथे वापरायचा पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे गवतात अडकत नाहीत. तो गादीवर टाका आणि थांबत थांबत ओढा. रंगाची चिंता करू नका. माशाला खालून फक्त पोट दिसते, पांढरे किंवा काळे असले की पुरे. जागा कशी शोधावी? कान द्या. गवताखालून टप् टप् असा चुटक्या वाजवल्यासारखा आवाज येतो. ब्लूगिल नावाचे चपटे छोटे मासे किडे टिपत असतात. जिथे ते, तिथे त्यांना खाणारा बासही असायचा. बासने पाणी फोडून झडप घातली की लगेच हिसका देऊ नका. एक-दोन मोजा, दोरीला वजन लागू द्या, मग ओढा. दोरी मात्र जाड, विणलेलीच हवी, नाहीतर मासा आणि मणभर गवत दोन्ही निसटतील.

दुसरे ठिकाण, जुन्या नदीपात्राची कड. धरणाआधी जिथे काठ होता, तिथे आज पाण्याखाली पायरीसारखा उतार आहे. वीज तयार करण्यासाठी पाणी सोडले की तळ्यात प्रवाह सुरू होतो. कालव्याला आवर्तन सुटले की शिवारात जी हालचाल सुरू होते, तशीच इथे पाण्याखाली होते. शॅड नावाच्या चंदेरी छोट्या माशांचे थवे प्रवाहाबरोबर येतात आणि बास कडेवर तोंड प्रवाहाकडे करून वाट पाहतात. पाणी बंद असले की तेच मासे ढिम्म बसतात. म्हणून घरातून निघण्याआधी पाणी सोडण्याच्या वेळा विचारून घ्या. संस्था त्या जाहीर करते. इथे खोल बुडणारा, पुढे पसरट जीभ असलेला नकली मासा चालतो. ती जीभ तळाला, बुंध्यांना आपटत जाते आणि त्या आपटण्यानेच बास चवताळतो. तो उपलब्ध नसेल तर लांब प्लॅस्टिकचे गांडूळ घ्या. गळाचे टोक गांडुळाच्याच अंगात लपवायचे, पुढे शिशाची गोळी लावायची आणि तळावरून सावकाश सरकवायचे. चिखल मऊ लागतो, जुन्या रस्त्याची खडी करकरते, बुंधा अडतो. कुणा शेतकऱ्याने पूर्वी नांगरलेले रान तुमच्या बोटांना असे कळत जाते.

तिसरे ठिकाण, ओढ्यांची तोंडे. सप्टेंबर लागला की शॅडचे थवे उथळ खाड्यांकडे सरकू लागतात. पहाटे पाण्यावर उड्या दिसल्या तर वर तरंगणारे, डावी-उजवीकडे डुलत चालणारे आमिष टाका. ऊन चढले की हा खेळ संपतो.

पाणी गढूळ असेल तर काळा किंवा गडद निळा रंग घ्या, निवळ असेल तर हिरवट, फिका. रंगाचे शास्त्र सामान्य माणसाला एवढे पुरे.

ही आमिषे काही मोठ्या कारखान्यांच्या डोक्यातून निघालेली नाहीत. लाकडी आमिषांचा मोठा धंदा उभा करणारा मिशिगनचा जेम्स हेडन मूळचा मधमाश्या पाळणारा. प्लॅस्टिकचे गांडूळ ओहायोच्या निक क्रीमने १९४९ च्या सुमारास घरच्या चुलीवर साचे ओतून बनवले. शेजारच्या जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी वीस वर्षांच्या जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास पकडला. मंदीचे दिवस, जवळ आमिष एकच. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा तळ्यावर त्याची फक्त बरोबरी झाली. आणि पेरीच्या माशाचे काय झाले? घरच्यांनी तो रांधून खाल्ला.

शेततळे असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आलाबामातच ऑबर्नच्या कृषी महाविद्यालयात स्विंगल या शास्त्रज्ञाने शेततळ्यात बास आणि ब्लूगिल एकत्र वाढवण्याचे गणित बसवले. अशा साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात थर पडतात. वरचा थर गरम पण प्राणवायू असलेला, खालचा गार पण प्राणवायू नसलेला. म्हणून तिथे तळाशी आमिष सोडणे व्यर्थ. मासा मधल्या आणि वरच्या पाण्यातच असतो. जोराचा पाऊस-वारा होऊन हे थर एकदम मिसळले, तर एका रात्रीत मासे मरून वर येतात. आपल्या शेततळ्यांनाही हाच धोका आहे.

नियम पाळा. परवाना काढा, पाहुण्यांना थोड्या दिवसांचा मिळतो. किती आणि केवढे मासे नेता येतात ते विचारा. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा आणि ताबडतोब सोडा. गरम पाण्यात दमलेला मासा फोटो काढेपर्यंत तग धरत नाही.

आणि कितीही आवडला तरी बासचे बीज इकडे आणण्याचा विचार मनात आणू नका. जपानने १९२५ मध्ये तो आणून आशी तळ्यात सोडला. पुढे त्याने देशी मासे इतके फस्त केले, की २००५ पासून त्याच्यावर कायद्याने बंधने आली. आपल्याकडे १९५२ मध्ये आलेल्या चिलापीने काय केले, ते उजनीच्या कोणत्याही कोळ्याला विचारा.

परत येताना हवे तर एक रबरी बेडूक पिशवीत टाका. आपल्या तळ्यातली मरळही त्याला झडप घालते, आणि एका जिवंत बेडकाचा जीव वाचतो.